काजळी उडू द्यायची नाही: कार्बन नॅनोट्यूब पाण्यात नीट विखुरण्याबद्दल

निवळी
गेल्या महिन्यात ओळखीच्या एका रंगाच्या कारखान्यातून फोन आला. "मॅडम, पाव किलो नॅनोट्यूब मागवली. पाण्यात टाकून स्टररने दोन तास फिरवली, तरी गुठळ्याच गुठळ्या. वरनं अर्धी पावडर पाण्यावर तरंगतेय. आता काय करू?" मी आधी एकच विचारलं, "डबा उघडला तेव्हा पोराच्या तोंडावर काय होतं?" तर म्हणाले, "रुमाल."

तो रुमाल डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतेय. मी सोळा वर्षं याच कामात आहे. आधी प्रयोगशाळेत, आता अँटिस्टॅटिक कोटिंगच्या धंद्यात. मराठीत यावर कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि लहान कारखान्यांत हा माल आता सर्रास येऊ लागलाय.

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी गुंडाळून झालेली नळी, कधी एकेरी भिंतीची, कधी एकात एक बसलेल्या अनेक भिंतींची (बहुभिंती). जपानच्या सुमिओ इजिमा यांचा १९९१ चा निबंध आला आणि सगळं जग याच्या मागे लागलं. जाडी काही नॅनोमीटर, लांबी मात्र काही मायक्रॉन, कधी त्याहून जास्त. वीज उत्तम वाहते, ताकद प्रचंड. रंगात, रबरात, बॅटरीत, सिमेंटमध्ये चिमूटभर घातली तरी फरक दिसतो.

पण या नळ्या एकमेकींना सोडत नाहीत. दोन नळ्या शेजारी चिकटल्या की दर मायक्रॉन लांबीमागे साधारण ५०० इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ओढ असते. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धडपडीत जी ऊर्जा असते ती जेमतेम ०.०२५. म्हणजे वीस हजार पट. नुसतं ढवळून त्या सुटतील ही आशाच सोडा. त्यात कार्बनला पाण्याचं वावडं.

आता धोका. पावडर इतकी हलकी असते की झाकण काढताच वर येते. २००८ साली एडिनबरोच्या गटाने उंदरांच्या पोटाच्या पोकळीत वेगवेगळ्या नळ्या सोडून पाहिल्या. लांब, सरळ नळ्यांनी अॅस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी आणल्या, आखूड आणि गुंतलेल्यांनी तसं केलं नाही. कारण समजायला सोपं आहे. शरीरातली सफाई करणारी पेशी कण गिळते, पण तिच्या अंगापेक्षा लांब काटा तिला गिळता येत नाही. अर्धवट गिळून ती तिथेच तडफडते आणि आजूबाजूला आग पेटवत राहते. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने यातल्या एका प्रकाराला, एमडब्ल्यूसीएनटी-७ ला, 'माणसात कर्करोग करण्याची शक्यता' या २ब गटात टाकलं. बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून त्यांना वेगळ्या गटात ठेवलं. अपुरा पुरावा म्हणजे निर्दोष नव्हे, हे लक्षात घ्या.

अमेरिकेच्या नियॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये शिफारस केली ती अशी: आठ तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत साधारण तीसेक घनमीटर हवा असते. म्हणजे सगळ्या खोलीत मिळून मुगाच्या एका दाण्याच्या हजाराव्या भागाइतकीच पावडर चालेल. आणि आपण पाव किलोचा डबा रुमाल बांधून उघडतोय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पावडर कारखान्यात येऊच नये. येताना ती पाण्यात नीट विखुरलेली, ओली, बंद कॅनमधून यावी. आणि ज्यांना पावडरीचं डिस्पर्शन करावंच लागतं त्यांनी ते एकदाच, एकाच बंद जागी, नीट शिकून करावं.

---

पोथीवाचक
ताई, लेख वाचून माझे आजोबा आठवले. ते पोथ्यांसाठी शाई घरी करायचे. तिळाच्या तेलाचा दिवा, वर तांब्याचं ताट उपडं, रात्रभर धरलेली काजळी सकाळी पिसाने खरवडून घ्यायची. मी एकदा ती सरळ पाण्यात टाकली तर सगळी वर तरंगली आणि माझे हात काळे झाले. आजोबांनी दाखवलं की बाभळीचा डिंक रात्री भिजत घालायचा, सकाळी त्या दाट पाण्यात काजळी थोडी थोडी घालून घोटायची. घोटत राहायचं, हात दुखेपर्यंत. पीठ मळल्यासारखी झाली की मग पाणी घालून पातळ करायची. ती शाई कधी खाली बसायची नाही. तुम्ही सांगताय ते हेच ना?

---

निवळी
@पोथीवाचक, अगदी हेच! तुमच्या आजोबांच्या घोटण्यात सगळं शास्त्र आहे. आधी दाट, मग पातळ. दाट असताना घोटलं की जोर गुठळीपर्यंत पोचतो, पातळ पाण्यात तो नुसता गोल फिरतो. आजच्या कारखान्यातली तीन रुळांची मिल हेच करते.

आणि डिंकाचं तर असं आहे की २००२ साली इस्राएलमधल्या बेन गुरियन विद्यापीठात राजदीप बंद्योपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅनोट्यूब पाण्यात सुट्या करायला अरबी डिंकच वापरला. पुढे तेच बंद्योपाध्याय आपल्या आयआयटी मुंबईत शिकवायला आले. डिंकाच्या रेणूत थोडा प्रथिनाचा भाग असतो, तो कार्बनला धरतो. साखरेच्या लांब फांद्या पाण्यात पसरतात. दुसरी नळी जवळ आली की फांद्यांना फांद्या आडव्या येतात, नळ्या भिडतच नाहीत. तो डिंक सुदानकडच्या झाडाचा, आपल्या लाडवातला बहुधा बाभळीचा नाहीतर धावड्याचा. काम करण्याची रीत सारखी, प्रमाण मात्र प्रत्येक डिंकाला वेगळं बसवावं लागतं.

---

शलाका_१९
मी एम.एस्सी. करतेय. आम्हाला एसडीएस (साबणासारखं रसायन) १ टक्का आणि प्रोब सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी द्रव हादरवणारी दांडी) एवढंच सांगतात. माझं डिस्पर्शन पहिल्या दिवशी शाईसारखं काळंभोर दिसतं, आठवड्याने तळाला साका. काय चुकतं? बर्फात ठेवूनच करते.

---

निवळी
@शलाका_१९, बर्फातच अर्धं उत्तर आहे. एसडीएस गार पाण्यात टिकत नाही, साधारण १६ ते २० अंशांखाली त्याचे स्फटिक व्हायला लागतात. बाटली उजेडात धरून बघ, पांढऱ्या सुया चमकताना दिसतील. तेवढा साबण नळ्यांना मिळालाच नाही. बर्फ थेट लावण्याऐवजी वीस-बावीस अंशांचं पाणी बाहेरून फिरव, आणि प्रोब पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद असा लाव.

दुसरं, फेस. प्रोबचं टोक फेसात गेलं की आवाज बदलतो, किणकिण ऐवजी फसफस येतं. तो आवाज आला की थांबायचं, कारण त्या क्षणापासून ऊर्जा पाण्यात जात नाही. टोक तळापासून बोटभर वर, पण द्रवात खोल.

तिसरं, साबण पुरतो का याचा हिशोब कर. एकेरी भिंतीच्या नळ्या पूर्ण सुट्या झाल्या तर एका ग्रॅमला साधारण १३०० चौरस मीटर पृष्ठभाग उघडा पडतो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. म्हणजे ग्रॅमभर काजळीत दहा मैदानं! तेवढ्यावर साबणाचा थर द्यायचाय. बहुभिंती नळ्यांना बरंच कमी लागतं. आणि सुट्या होत जातात तसतसं जास्त लागतं, म्हणून सॉनिकेशन वाढवलं आणि साबण तेवढाच ठेवला तर परत गोळा होणारच.

एसडीएसपेक्षा एसडीबीएस बरं, त्याच्यातली बेंझीनची कडी कार्बनच्या जाळीवर सपाट बसते. पित्तातली सोडियम कोलेट, डीऑक्सिकोलेट ही क्षारंही फार चांगली. आणि पाणी डिस्टिल्ड घे. बोअरचं घेतलंस तर त्यातलं कॅल्शियम साबणाला पकडून खाली बसवतं. आंघोळीला जड पाण्यात साबण फुटतो तसंच.

शेवटचं: सॉनिकेशननंतर सेंट्रिफ्यूज करतेस ना? प्रोबच्या टोकातून टायटॅनियमचे कण झडतात. ते आणि न सुटलेल्या गुठळ्या काढल्याशिवाय पहिल्या दिवसाचा काळा रंग खरा मानू नकोस.

---

शलाका_१९
सुया खरंच दिसल्या ताई!! मी त्या धूळ समजत होते.

---

सिव्हिलवाला
काँक्रीटमध्ये घालायचं म्हणून विचारतो. आमच्या सल्लागाराने ०.०५ टक्के सांगितलंय, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ ग्रॅम. लॅबमधून एसडीएसवालं सुंदर काळं पाणी आणलं, सिमेंटमध्ये घातलं, आणि ताकद वाढायच्या ऐवजी कमी आली. क्यूब फोडला तर आत बारीक बारीक भोकं.

---

निवळी
@सिव्हिलवाला, भोकं साबणाच्या फेसाची. शिवाय ओल्या सिमेंटच्या पाण्यात चुना विरघळलेला, सामू साडेबाराच्या वर. एसडीएस त्या कॅल्शियमबरोबर न विरघळणारा साबण होतो आणि नळ्यांवरून निघून जातो. बाटलीतलं सुंदर डिस्पर्शन ड्रममध्ये पडल्या पडल्या मोडलं.

तुम्ही नाहीतरी सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट प्रवाही ठेवणारं रसायन) वापरताच. पॉलिकार्बोक्झिलेटवालं घ्या, त्यातच नळ्या विखुरलेल्या मागवा. त्याच्या लांब शेपट्या डिंकाच्या फांद्यांसारख्याच अडसर घालतात, आणि कॅल्शियमसमोर टिकतात. फेसासाठी डीफोमर लागला तर थेंबभर. पण एक चाचणी आधी करा: चुन्याची निवळी करा, तिच्यात दोन थेंब डिस्पर्शन टाका. दहा मिनिटांत काळे तंतू दिसले तर ते डिस्पर्शन सिमेंटसाठी नाही. क्यूब फोडायची गरज नाही.

---

राईन_काठचा
मी जर्मनीत बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर काम करतो. इथला अनुभव जोडतो. कॅथोडची पेस्ट बहुतेक ठिकाणी अजून एनएमपी या द्रावकात करतात. नळ्या त्यात छान पसरतात, पण एनएमपी गर्भावर परिणाम करणारा म्हणून युरोपात २०२० पासून त्याच्या वापरावर कडक मर्यादा आहेत. त्यामुळे पाण्याकडे वळणं हे दुहेरी फायद्याचं: पावडरही नको, एनएमपीही नको. अॅनोडला आधीपासूनच पाणी, सीएमसी (सेल्युलोजपासून केलेला डिंकासारखा पदार्थ) आणि रबराचं लॅटेक्स चालतं, तिथे नळ्या सीएमसीमध्येच विखुरलेल्या येतात. कॅथोडला पाणी अजून अवघड आहे, काही रसायनं पाण्याने बिघडतात आणि अल्युमिनियमची फॉइल खाल्ली जाते.

पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आम्ही ओल्या टप्प्यात फार सुरक्षित होतो, मग इलेक्ट्रोड वाळतो आणि पट्ट्या कापतात. धूळ तिथे निघते. पाण्यात आहे म्हणून निवांत झालेला माणूस कापणीच्या मशीनपाशी मास्क काढून उभा असतो.

---

निवळी
@राईन_काठचा, फार महत्त्वाचं बोललात. आमच्याकडेही मी हेच पाहिलं. तारीख सांगत नाही, जागा सांगत नाही, पण मी नवीन असताना आम्ही पंख्याखाली उघड्या काट्यावर पावडर तोलायचो. चमच्याला स्थिर विजेने तंतू चिकटायचे, चमचा झटकला की हवेत. तिथे मला कुणी काही सांगितलं नव्हतं. वर्षभराने एसीची जाळी पुसायला काढली तर फडकं काळं. मी त्या खोलीत रोज आठ तास श्वास घेत होते. त्यानंतर मी ओलं काम सुरू केलं, आणि मला वाटलं आता झालं. मग एकदा बाकावर सांडलेला डिस्पर्शनचा डाग दुपारभर वाळला, संध्याकाळी मी तो सुक्या ब्रशने खरवडला. पापुद्रे उडाले. म्हणजे सगळं पुन्हा तिथेच.

सांडलं की लगेच, ओलं असतानाच, ओल्या फडक्याने टिपायचं. फडकं ओलं असतानाच पिशवीत बंद. झाडू नाही, हवेचा झोत नाही, साधा व्हॅक्यूम नाही.

आणि सॉनिकेटरही पूर्ण निर्दोष नाही. अमेरिकी लष्कराच्या आणि नियॉशच्या संशोधकांनी २०१० मध्ये मोजून दाखवलं की उघड्यावर प्रोब चालवला की बारीक तुषारांतून नळ्या हवेत येतात, विशेषतः पाण्यात नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ असला तर. म्हणून प्रोबची पेटी बंद, आणि ती पेटी फ्यूम हुडमध्ये, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या कपाटात.

---

अभ्यंकरकाका
वाचतोय. एक शंका. लांब नळी फुप्फुसाला वाईट म्हणता, आणि सॉनिकेशनने नळी तुटते असं वाचलंय. मग जास्त वेळ चालवून आखूडच का करून टाकत नाही?

---

निवळी
काका, या प्रश्नाचं सोपं उत्तर नाही, आणि त्यावरच आमची सगळी ओढाताण असते. नळी आखूड झाली की वीज वाहायला एका नळीवरून दुसरीवर जास्त उड्या माराव्या लागतात, मग तेवढ्याच विजेसाठी माल जास्त घालावा लागतो. रंगवाल्याला लांब हवी, फुप्फुसाला आखूड. मी जिथे लांबी नको तिथे आखूड आणि गुंतलेलीच निवडते. अँटिस्टॅटिक फरशीला लांब एकेरी नळीची काहीच गरज नसते, स्वस्त बहुभिंती गुंतलेली चालते. अर्धे लोक माहितीपत्रकात 'उत्तम दर्जा' वाचून लांब घेतात. तिथे मला बोलावंसं वाटतं.

---

शलाका_१९
आमच्या वर्गात एकाने डब्लिनचा प्रयोग सांगितला. मिक्सरमध्ये ग्रॅफाइट, पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घालून ग्राफिन, म्हणजे ग्रॅफाइटचे सुटे पातळ थर. घरी करायचं म्हणतोय तो.

---

निवळी
प्रयोग खरा आहे. ट्रिनिटी कॉलेजच्या जोनाथन कोलमन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की नुसत्या फिरत्या पात्याच्या घासाने पाण्यात ग्रॅफाइटचे थर सुटतात, सॉनिकेटरसुद्धा लागत नाही. मोठ्या प्रमाणात करता येण्यासारखी रीत आहे, म्हणून मला ती आवडते.

पण त्याला सांग, घरच्या मिक्सरमध्ये नको. झाकण काढताना जो धुकट फवारा तोंडावर येतो ना, चटणी करताना येतो तसा, तो इथे ग्राफिनचा येईल. आणि ते भांडं परत स्वयंपाकात जाणार, कितीही सांगितलं तरी. आई विचारणार नाही, ती वापरेल.

---

नदीकाठ
भांडी धुतलेलं पाणी कुठे जातं? तुम्ही डिस्पर्शन इतकं टिकाऊ केलंत की खालीच बसत नाही, म्हणजे नाल्यातही बसणार नाही. हा प्रश्न कुणीच विचारला नाही.

---

निवळी
@नदीकाठ, विचारलंत ते बरं झालं. उलट परिस्थिती तुम्ही म्हणता त्याहून वाईट आहे. २००७ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सुवानी नदीच्या पाण्यात नॅनोट्यूब टाकल्या. पालापाचोळा कुजून त्या पाण्यात ह्युमिक द्रव्यं असतात. नळ्या महिन्याहून जास्त काळ तरंगत राहिल्या, १ टक्का एसडीएसपेक्षाही चांगल्या. म्हणजे आपण साबण घालो न घालो, नदी स्वतःच त्यांना विखुरते आणि दूर नेते. नाल्यात सोडलं की संपलं, हे चालणार नाही.

त्याच वेळी दोष कुणाचा हे नीट पाहायला हवं. २००४ मध्ये फुलरीनमुळे (कार्बनच्याच चेंडूसारख्या रेणूमुळे) माशांच्या मेंदूला इजा होते अशी मोठी बातमी झाली होती. ते फुलरीन पाण्यात उतरवताना टीएचएफ नावाचं द्रावक वापरलं होतं. २००७ मध्ये झेब्रा माशांच्या पिलांवर पुन्हा पाहिलं तेव्हा त्रास देणारे होते ते टीएचएफ मोडून झालेले पदार्थ. म्हणून 'पाण्यातलं आहे' एवढ्याने मी कुठलंही डिस्पर्शन सुरक्षित म्हणत नाही. कशात, कशाने, आणि आधी कशात होतं, हे तिन्ही विचारते. एसडीएस स्वतः पेशींना आणि माशांना त्रासदायक आहे. चालत असेल तिथे मी डिंक, सीएमसी किंवा पॉलिकार्बोक्झिलेट घेते.

---

सिव्हिलवाला
मग धुतल्या पाण्याचं तुम्ही प्रत्यक्षात करता काय?

---

निवळी
वेगळ्या पिंपात साठवते. पहिलं धुणं अगदी थोड्या पाण्याने, ते पुढच्या बॅचमध्येच वापरते. निदान निम्मा माल तिथेच परत येतो. उरलेल्यात तुरटी. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आई तुरटी फिरवायची ना, तीच. सामू सातच्या आसपास आणून तुरटीचं पाणी घालायचं, सावकाश ढवळायचं, रात्रभर ठेवायचं. साबणावर तरलेल्या नळ्या तिच्याने सुरेख गोळा होतात, सकाळी वर स्वच्छ पाणी आणि खाली काळी साय. डिंकाने धरलेल्या मात्र तुरटीला लवकर दाद देत नाहीत, तिथे मला तुरटी दुप्पट-तिप्पट घालावी लागली आणि तरी वरचं पाणी राखट राहिलं, मग बारीक फिल्टरमधून काढलं. वरचं पाणी काचेच्या नळीत घेऊन मागे पांढरा कागद धरून बघते. राखट दिसलं तर परत.

खालची साय ओलीच बंद ड्रममध्ये, वर 'कार्बन नॅनोट्यूब, वाळू देऊ नये' अशी मराठीत चिठ्ठी, आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे. चिठ्ठी मराठीत, कारण ड्रम उचलणारा माणूस ती वाचणार असतो.

---

पोथीवाचक
आजोबा शाईचं भांडं कधी धुवायचे नाहीत. तळाची वाळत आलेली शाई पाणी शिंपडून तशीच झाकून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी तीच पुढे.

---

निवळी
@पोथीवाचक, उद्या आमच्या पोरांना हे सांगते. त्या रंगवाल्यांचाही काल परत फोन आला होता. उरलेली पावडर डब्यासकट पुरवठादाराला परत पाठवली, आणि ४ टक्क्यांची ओली पेस्ट मागवलीय, वीस किलोच्या बंद कॅनमध्ये. ज्या पोराने डबा उघडला होता त्याला मी शनिवारी बोलावलंय. मास्क कसा लावायचा, कडेने हवा गळते का ते कसं तपासायचं, आणि सांडलं तर काय, हे त्याच्या हाताने करून घेणार आहे. इथल्या कुणाला यायचं असेल तर व्यनि करा, एका वेळी चार जण बसतात.